विजेच्या जाळ्याचा तोल

बारामतीच्या औद्योगिक वसाहतींतून रात्रीं दहाच्या पुढें जो इंदापूरच्या वाटेस लागतो, त्यास एकाच वाटेवर दोन निराळे देश दिसतात. मागें तीनचाकी गाड्यांचा, दुधाचा, चॉकलेटचा, कापडाचा असे नाना प्रकारचे कारखाने दिव्यांनीं लखलखत असतात. रात्रपाळीचा कामगार चहा घेऊन पुन्हां यंत्रापाशीं उभा राहतो आणि वीज जाईल अशी शंकाहि त्याच्या मनास शिवत नाहीं. पुढें दोनचार कोसांवर उंसाच्या फडांतून एखादी विजेरी हलतांना दिसते. तो शेतकरी असतो. त्याच्या वाहिनीस या आठवड्यांत वीज रात्रींची, म्हणून विहिरीवरची मोटार चालूं करावयास तो घरून निघालेला असतो. एकदां अशाच एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं बांधावर गांठून विचारलें, “आबा, एवढ्या रात्रीं?” ते हंसून म्हणाले, “लायटीला दिस-रात कुठं कळतीय, पावणं? तिची पाळी आली की उठायचं.”

कारखान्यास अष्टौप्रहर आणि शेतास पाळीनें, हा भेद कोणी व केव्हां ठरविला? सरकारचा अन्याय म्हणून मोकळें होणें सोपें आहे, आणि अन्यायाचा अंश त्यांत आहेच. परंतु विजेचें विस्तीर्ण जाळें उभें कसें राहतें, कशानें कोसळतें, व तें कोसळूं नये म्हणून कोणास दूर सारावें लागतें, या प्रश्नांत त्या भेदाचें खरें मूळ आहे. आमच्या प्रांतांत या प्रश्नास शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो बहुधा अभियंत्यांच्या अहवालांत पडून राहतो. ज्यांच्या घरचा दिवा त्या इतिहासानें लावला किंवा विझविला, त्यांच्या कानांवर तो जात नाहीं.

वीज हा इतर मालासारखा माल नव्हे. ज्वारी पेवांत राहते, पाणी तळ्यांत राहतें, गुळाच्या ढेपा वखारींत राहतात. वीज मात्र ज्या क्षणीं निपजते त्याच क्षणीं खर्चावी लागते. विद्युद्घटांच्या मोठाल्या वखारी अलीकडे उभ्या राहूं लागल्या आहेत हें खरें, पण एकंदर खपाच्या मानानें त्यांतला सांठा अजून चिमूटभर आहे. ज्यांनीं बैलांची मळणी पाहिली असेल त्यांस पुढची गोष्ट समजण्यास कठीण नाहीं. खळ्याच्या मध्यावर तिवडा रोवलेला असतो आणि त्याभोवतीं एकमेकांस दाव्यानें जोडलेल्या बैलांची पात फिरत असते. चाल सर्वांची एक. एखादा बैल दमला तर त्याचें दावें ताणलें जातें आणि शेजारचे त्यास ओढून नेतात. ताण फार झाला तर दावें तुटतें. मग सुटलेल्या बैलाचें काम उरलेल्यांवर पडतें, त्यांतला आणखी एक अडखळतो, आणि पाहतां पाहतां सगळी पात विसकटते. वीज उत्पन्न करणाऱ्या जनित्रांचेंहि असेंच आहे. चंद्रपूरच्या कोळशावर चालणारें चक्र आणि पोफळीच्या पाण्यावर चालणारें चक्र यांचे आकार निराळे, वेगहि निराळे. पण त्यांतून निघणाऱ्या प्रवाहाचीं आवर्तनें मात्र दोहोंकडे सेकंदास ५० च असलीं पाहिजेत, आणि तीं एकाच तालांत पडलीं पाहिजेत. मागणी वाढली व चक्रांस लावलेला जोर तेवढाच राहिला, कीं जोडलेलीं सगळीं चक्रें एकदम किंचित् मंदावतात आणि ५० चीं ४९.९ होतात. बारामतींत कोणी मोटार चालूं केली तर तिचा भार, अत्यंत सूक्ष्म कां होईना, आसामांतल्या चक्रासहि जाणवतो.

दोन बैलांमधलें दावें किती ताणलें आहे, त्यास अभियंते कोनाचा फरक म्हणतात. तो एका मर्यादेपलीकडे गेला कीं चक्रें तालाबाहेर जातात. या विषयाचा पद्धतशीर विचार अमेरिकेंत स्टाइनमेट्झ यांनीं १९२० सालीं मांडला. धक्का बसल्यावर पात सांवरते कीं नाहीं हा झाला स्थैर्याचा प्रश्न. वर्षाकांठीं किती वेळां दिवे जातील, आणि तें टाळण्यासाठीं किती बैल गोठ्यांत राखून ठेवावे, हा झाला भरंवशाचा प्रश्न. त्यास कॅलाब्रेझी नांवाच्या अभियंत्यानें १९४७ सालीं संभाव्यतेचें गणित लाविलें. व्यवहारांत मात्र जगभर एक साधा दंडक पाळतात. जाळ्यांतील कोणतीहि एक तार, एक जनित्र किंवा एक रोहित्र अवचित गेलें, तरी बाकीचें जाळें उभें राहिलें पाहिजे. दंडक एका ओळीचा आहे. तो मोडल्याचीं उदाहरणें पुढें येतीलच.

आमच्याकडे आरंभ झाला तो घाटाच्या कड्यावर. लोणावळें, वळवण आणि शिरोटें येथील तळ्यांचें पाणी खालीं सोडून टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीचें केंद्र चालूं केलें आणि मुंबईच्या गिरण्यांस वीज दिली. १९२२ त भिवपुरी, १९२७ त भिरा. त्या काळीं जाळें असें नव्हतेंच. डोंगराकडून शहराकडे जाणाऱ्या तारा होत्या, आणि भरंवसा होता तो तळ्यांचा. पाऊस चार महिने, गिरणी बारा महिने; मधली तूट तळें भरून काढी. परंतु तळ्यास जमीन लागते. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह झाला, सेनापति बापट त्यांत अग्रभागीं होते. तरी धरण झालें आणि खोरें बुडालें. मावळ्यांचा हा लढा मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र क्वचित् सांगितली जाते. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्यांचें पाणी भीमेस मिळावयाचें आणि भीमा इंदापूर तालुक्याच्या शिवेवरून वाहावयाची. तेंच पाणी अडवून, उलट दिशेस वळवून, कोंकणांत सोडण्यांत आलें. म्हणजे मुंबईच्या मागाचा भरंवसा ज्या पाण्यावर उभारला गेला, तें पाणी इंदापूरच्या बाजूचें होतें. आम्ही टाटांच्या कर्तृत्वास कमी लेखीत नाहीं. तें कर्तृत्व मोठेंच. परंतु हिशेब लिहावयाचा तर दोन्ही रकाने लिहिले पाहिजेत.

या भागास आणखी एक जुना अनुभव होता. निरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला तेव्हांपासून बारामती आणि इंदापूर हे तालुके ‘मुखाचे’ आणि ‘शेपटाचे’ असें बोलूं लागले. कालव्याच्या शेपटावरच्या शेतकऱ्यास पाणी उशिरां येतें, कमी येतें, आणि तुटवडा पडला कीं प्रथम त्याचेंच बंद होतें. पुढें विजेच्या तारा आल्या तेव्हां इकडच्या माणसास ही भाषा नव्यानें शिकावी लागली नाहीं.

१९६० सालीं राज्य झालें, त्याच वर्षीं राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें. १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि त्याच साली कोयनेचें पहिलें जनित्र फिरूं लागलें. योगायोग असेल, पण पुढें गांवोगांव ज्या औद्योगिक वसाहती वसल्या त्यांचा पाया त्या एका वर्षांत घातला गेला. कोयना हा पातींतला सर्वांत बलाढ्य बैल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे तेथें भूकंप झाला. सुमारें पावणेदोनशें माणसें दगावलीं, कोयनानगर जमीनदोस्त झालें. धरण तगलें, पण जनित्रें थांबलीं आणि दूर मुंबईपर्यंत वीजपुरवठा खंडित झाला. एकाच बैलावर सगळी मळणी सोंपविली म्हणजे काय होतें, तें त्या दिवशीं दिसलें.

त्याचें उत्तर एकच होतें: पात मोठी करावयाची. महाराष्ट्र, गुजरात, मध्यप्रदेश यांचीं केंद्रें एकमेकांस जोडावयाचीं, म्हणजे एक गेला तर बाकीचे ओढतील. परंतु मोठ्या पातीचा धोकाहि मोठा असतो, हें दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेनें अनुभविलें होतें. ९ नोव्हेंबर १९६५ रोजीं नायगाराजवळच्या केंद्रांतला एक रिले चुकीच्या मर्यादेवर लावलेला निघाला, त्यानें एक तार तोडली, तिचा भार शेजारच्या तारांवर पडला, आणि न्यूयॉर्कसह तीन कोटि माणसें अंधारांत गेलीं. दावें धक्का वाटून घेतें, आणि दावेंच धक्का पसरवितें. पुढील साठ वर्षांचा सारा इतिहास या एका पेंचाभोवतीं फिरतो.

दुसरी अडचण अंतराची. कोळसा विदर्भांत, खप मुंबई-पुण्याकडे. लांब तार म्हणजे लांब, लवचीक दावें. थोड्या भारानेंहि तें फार ताणतें. यावर तोडगा म्हणून चंद्रपुराहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहाची वाहिनी बांधली आणि १९९९ त ती चालूं झाली. एकदिश प्रवाहास ताल नसतो, म्हणून त्यांत तालाबाहेर जाण्याचेंहि भय नसतें. भद्रावतीस याच युक्तीनें पश्चिमेचें जाळें दक्षिणेच्या जाळ्यास जोडलें होतें. मधोमध पंप बसवून एका हौदांतलें पाणी दुसऱ्यांत सोडावें, पण दोन्ही हौदांची पातळी मात्र वेगवेगळी राहूं द्यावी, तसें.

आतां ज्या काळाविषयीं आम्हांस मुख्यतः लिहावयाचें होतें त्याकडे वळूं. २००५ पासून पुढें सातआठ वर्षें महाराष्ट्रांत विजेची तूट चारपांच हजार मेगावॉटांपर्यंत जाई. त्या वर्षीं जून महिन्यांत मंडळाचे तुकडे पडले: निर्मिति, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. पश्चिमेच्या जाळ्याचीं आवर्तनें कित्येकदां ४९ च्याहि खालीं उतरत. २००२ च्या जुलैपासून केंद्रानें एक चतुर ‘दरपत्रक’ लागूं केलें होतें: आवर्तनें जसजशीं उतरतील तसतशी ठरल्याबाहेर ओढलेली वीज महाग व्हावी. सावकाराच्या व्याजाप्रमाणें हें दरपत्रक दर पंधरा मिनिटांस वाढे-उतरे, आणि बेशिस्तीस त्यानें पुष्कळ आळा घातला. परंतु जी वीज नाहींच ती व्याजानें कोठून येणार? तेव्हां उरला तो जुना, निश्चित फळ देणारा उपाय: भार तोडणें. त्यास ‘भारनियमन’ असें गंभीर नांव मिळालें. गांवकरी त्यास ‘लोडशेडिंग’ म्हणत, आणि शब्द इंग्रजी असूनहि तो अधिक प्रामाणिक होता असें आमचें मत आहे.

भारनियमनाचा शास्त्रीय अर्थ हाच कीं सगळी पात पडूं नये म्हणून कांहीं पेंढ्या खळ्याबाहेर काढून ठेवावयाच्या. त्याविषयीं तक्रार असूं शकत नाहीं. प्रश्न एवढाच कीं कोणाच्या पेंढ्या? ज्या वाहिनीवर विजेची गळती अधिक, बिलाची वसुली कमी, तिच्यावर अंधार अधिक तास, असा नियम झाला. हिशेबाच्या दृष्टीनें तो बरोबर दिसतो. पण गळती जितकी आंकड्यानें होते तितकीच जुनाट तारांनींहि होते, आणि शेतपंपांस मीटरच नसेल तर गळती किती आणि खप किती हें सांगावयाचें कोणी? इंदापूरच्या एखाद्या खेड्यांत बारा-बारा तास अंधार असे, आणि तेथून दोन कोसांवरून जाणारी कारखान्याची स्वतंत्र वाहिनी, जिला लोक ‘एक्स्प्रेस’ म्हणतात, अखंड वाहत असे. कारखान्यास वीज देणें चूक होतें असें नव्हे. तेथें याच खेड्यांतलीं मुलें कामास जात होतीं. घरीं अंधार आणि कामाच्या जागीं उजेड, असें एकाच कुटुंबाचें दुहेरी जीवन त्या वर्षांत चाललें होतें.

पुण्यानें २००६ त आपल्यापुरता मार्ग काढला. उद्योजकांच्या संघटनेनें पुढाकार घेतला. कारखान्यांनीं आपलीं डिझेलचीं जनित्रें चालवावीं, तेवढी जाळ्यांतली वीज शहरास मोकळी व्हावी, आणि जादा खर्च शहरवासीयांनीं बिलांतून सोसावा, असें ठरलें. नियामक आयोगानें मान्यता दिली आणि पुणें भारनियमनांतून सुटलें. योजना कल्पक होती यांत शंका नाहीं. भरंवसा हीहि विकत घेण्याची वस्तु आहे हें तिनें प्रथमच उघडपणें सांगितलें. ज्याच्यापाशीं पैसा होता त्यानें ती घेतली.

खेड्यांनीं काय केलें? त्यांच्यापाशीं पैसा नव्हता, पण एकोपा होता. ‘अक्षय प्रकाश’ नांवाची योजना त्याच सुमारास निघाली. गांवानें सायंकाळच्या वेळीं एकहि मोटार लावावयाची नाहीं, आंकडे काढून टाकावयाचे. त्याच्या बदल्यांत घरचे दिवे चालूं राहतील. विद्युच्छास्त्राच्या ग्रंथांत मागणीचें व्यवस्थापन म्हणून जें प्रकरण असतें, तें येथें ग्रामसभेंत पार पडलें. जेथें गांव एका विचाराचें होतें तेथें योजना टिकली. जेथें नव्हतें तेथें एकानें चोरून मोटार लावली, त्याचें पाहून दुसऱ्यानें, आणि डीपी जळाली; मग गांव आठवडाभर अंधारांत. एकाच फेजवर कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार फिरविण्याची विद्याहि त्याच काळीं घरोघर पोंचली. एका अडखळणाऱ्या बैलानें सगळी पात विसकटते, याचा पुरावा खेड्याच्या वेशींतच मिळत होता.

पुढें गांवठाणाच्या वाहिन्या शेतीच्या वाहिन्यांपासून वेगळ्या काढल्या गेल्या. घरांस दिवसभर वीज मिळूं लागली, आणि शेतीचा भार स्वतंत्र हातांत आला. तो वाटेल तेव्हां लावतां येई, वाटेल तेव्हां तोडतां येई. शेताची वीज रात्रीं ढकलण्याचें कारण येथें आहे. कोळशाचीं केंद्रें रात्रीं सहजासहजीं बंद करतां येत नाहींत. त्यांस किमान भार लागतो, आणि रात्रीं शहर निजलेलें असतें. ती पोकळी शेतपंपांनीं भरून काढली. चंद्रपूरचें चक्र रात्रीं नीट फिरत राहावें म्हणून इंदापूरचा शेतकरी विंचू-सापांच्या वाटेनें विहिरीकडे जात होता, असें म्हटलें तर तें अलंकारिक ठरणार नाहीं. अक्षरशः तसेंच होतें.

स्थैर्याची खरी परीक्षा २०१२ च्या जुलैअखेर झाली. उत्तरेंत पाऊस ओढून धरला होता, पंप आणि पंखे जोरांत चालूं होते, आणि ती राज्यें ठरल्याहून अधिक वीज ओढीत होतीं. पश्चिमेंत मागणी कमी होती. मधल्या कित्येक तारा दुरुस्तीसाठीं वा अन्य कारणानें बंद होत्या. सगळा भार बिना-ग्वाल्हेर या एका वाहिनीवर आला. ३० जुलैच्या रात्रीं अडीचच्या सुमारास त्या तारेवर दोष असा कांहींच नव्हता. भारच इतका वाढला होता कीं राखणदार रिलेनें त्यासच दोष समजून तार तोडली. उत्तर विभाग कोसळला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास तीच गोष्ट पुन्हां झाली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग गेले. सुमारें ४८,००० मेगावॉट भार नाहींसा झाला. साठ कोटींहून अधिक वस्तीचा प्रदेश विजेवांचून राहिला. आवर्तनें उतरतांच आपोआप वाहिन्या तोडणाऱ्या ज्या पेट्या उत्तरेंत बसविल्या होत्या, त्यांनीं अपेक्षेइतका भार तोडला नाहीं असें चौकशीत आढळलें. पश्चिमेचें जाळें मात्र दावें तुटतांच बाजूस झालें. येथें भार एकदम हलका झाल्यानें आवर्तनें उलट ५१ च्या वर चढलीं, कित्येक जनित्रें आंवरावीं लागलीं; पण पात पडली नाहीं. त्या दोन दिवसांत बारामतीचे कारखाने चालत होते आणि दिल्लीची भुयारी रेल्वे मध्येंच उभी होती. वर्षानुवर्षें भार तोडण्याची संवय झालेल्या जाळ्यास त्या दिवशीं ती संवय उपयोगी पडली कीं केवळ मागणी कमी असल्यानें आम्ही वांचलों, याविषयीं आम्ही दुसऱ्या पक्षाकडे झुकतों.

तरीहि धडा ‘पात लहान करा’ असा घेतला गेला नाहीं, आणि तें योग्यच झालें. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालूं झाली आणि दक्षिणेचें जाळें उरलेल्या देशाशीं एकताल झालें. काश्मिरापासून कन्याकुमारीपर्यंत एक पात झाली, आणि तिचें शेवटचें दावें बांधलें गेलें तें इंदापूरच्या शेजारच्या जिल्ह्यांत.

या महाकाय पातीचा तोल केवढा नाजूक आणि केवढा बळकट आहे, तें २०२० सालानें दोन वेळां दाखविलें. ५ एप्रिलला रात्रीं नऊ वाजतां नऊ मिनिटें देशानें घरांतले दिवे मालवून पणत्या लाविल्या. मागणी कांहीं मिनिटांत ३१,००० मेगावॉटांनीं घसरली. जलविद्युत् केंद्रांनीं तेवढ्याच त्वरेनें हात आंखडला, मग पुन्हां सोडला, आवर्तनें ४९.७० आणि ५०.२६ यांच्या मध्यें राहिलीं. हें काम ज्यांनीं केलें त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. सहा महिन्यांनीं, १२ ऑक्टोबरच्या सकाळीं, दुसरा प्रकार घडला. कळवा-पडघे मार्गावरील एक वाहिनी दुरुस्तीसाठीं बंद असतां दुसरी गेली, आणि एका ओळीचा तो दंडक तेथेंच मोडला. संकटसमयीं मुंबईनें जाळ्यापासून सुटून बेटासारखें एकटें उभें राहावें अशी व्यवस्था १९८१ पासून होती. त्या दिवशीं तें बेटहि बुडालें. लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. खेड्यांतल्या लोकांनीं ही वार्ता कोणत्या मुद्रेनें ऐकली असेल, त्याची कल्पना करणें कठीण नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत या इतिहासानें नवें वळण घेतलें आहे. २०१७ त निघालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेनें शेतीच्या वाहिन्या दिवसा, उन्हावर चालविण्यास आरंभ केला. शेतकऱ्याची जुनी मागणी आणि जाळ्याची सोय यांचा येथें प्रथमच मेळ बसला आहे: दुपारीं वीज मुबलक, आणि दुपारींच पाणी. परंतु सूर्याच्या पत्र्यास फिरतें चाक नसतें. बैलाचें वजनच धक्का अंगावर घेतें. बिनवजनाचे बैल पातींत वाढले तर तीच ठेंच अधिक जोरानें लागते. शिवाय सायंकाळीं सूर्य मावळतो त्याच घटकेस घरोघर दिवे लागतात. कळव्याच्या भार प्रेषण केंद्रांतल्या माणसांस ती घटका अवघड. म्हणून दुपारच्या विजेनें पाणी वर चढवून संध्याकाळीं खालीं सोडण्याच्या जुन्या युक्तीस पुन्हां महत्त्व आलें आहे. घाटघरला २५० मेगावॉटचें असें केंद्र २००८ पासून आहे. उजनीच्या पायथ्याशींहि १२ मेगावॉटचें एक लहानसें आहे. ज्या भीमेचें पाणी शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या भरंवशासाठीं पश्चिमेस नेलें, तिचें उरलेलें पाणी आतां येथल्या तोलास लागेल असें दिसतें.

गेल्या खेपेस आम्ही त्याच वाटेनें गेलों तेव्हां आबांची वाहिनी दिवसाची झाली होती. भर दुपारीं ते बांधावर बसले होते आणि पाणी सरीसरीनें पुढें चाललें होतें. आतां रात्रीं निवांत झोंप लागत असेल, असें आम्ही म्हणालों. ते म्हणाले, “कुठली लागतीय? बाराच्या ठोक्याला आपोआप जाग येती.”